गच्चीवरची वायर आणि अठरा व्होल्ट

२ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि उपनगरांतल्या गच्च्यांवर वरळीकडे तोंड करून ॲल्युमिनिअमचे अँटेने उभे राहिले. जसजसं लांब जावं तसं चित्र मुंग्यांनी भरे, म्हणून बोरिवली-मुलुंडकडे बूस्टर लागे. त्याचा ॲम्प्लिफायर वर काठीला आणि पुरवठ्याचा डबा खाली टीव्हीजवळ. एकाच तारेतून वीज वर जाई, चित्र खाली येई. आजच्या डिशच्या छत्रीतही हेच आहे. सेट-टॉप बॉक्स एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या दांडीवर बसवलेल्या रिसीव्हरला, १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो, आणि कोणते द्यायचे ते लावलेल्या चॅनलवर ठरतं.

चार महिन्यांचा पाऊस आणि बारा महिन्यांची खारी हवा सोसून दिवाळीच्या सुमारास ही वायर कुरकुरू लागते. मेकॅनिक येतो, “एलएनबी गेला” म्हणतो, नवा बसवतो. बरेचदा गेलेला असतो तो कनेक्टर. साधा मल्टिमीटर हातात असला तर हा खर्च टळतो, पण त्याला काय विचारायचं ते माहीत हवं.

वायरवर ७५ ओहम छापलेलं असतं. ते मीटरवर शोधू नये. तो आकडा उच्च वारंवारतेच्या लहरींसाठी आहे. वायरचा आतला गाभा आणि त्याभोवतीची धातूची जाळी यांच्यातलं अंतर आणि मधला फोम यांवर तो ठरतो. मीटर फक्त धातू सलग आहे की नाही ते सांगतो.

आधी बॉक्स बंद करून वायरची दोन्ही टोकं मोकळी करा. गाभा आणि जाळी यांच्यात बझर वाजला तर शॉर्ट आहे. अनेकदा जाळीचा केसाएवढा एक धागा कनेक्टरमध्ये गाभ्याला चिकटलेला सापडतो. जुना अँटेना जोडलेला ठेवून ही चाचणी करू नका. घडी घातलेल्या दांडीचा अँटेना धडधाकट असूनही मीटरवर शॉर्टच दिसतो. मग एक टोक मुद्दाम शॉर्ट करून दुसरीकडून ओहम मोजा. तांब्याच्या गाभ्याची तीस मीटर वायर एक-दीड ओहम दाखवेल. चारएक दिसले तर गाभा बहुधा तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचा आहे (लोहचुंबक लावून बघा, चिकटेल). तेवढं चालतं. आकडा वर-खाली नाचत असेल तर मात्र कुठेतरी सांधा सैल आहे.

आता वीज. मुद्दाम केलेला शॉर्ट काढा, खालचं टोक बॉक्सला जोडा, बॉक्स सुरू करून १८ व्होल्ट लागणारा चॅनल लावा. गच्चीवर एलएनबीकडचं टोक मोकळंच ठेवा, मीटर डीसीवर ठेवून लाल काडी गाभ्याला, काळी कनेक्टरच्या धातूला लावा. १८ दिसले की लोक निश्चिंत होतात, आणि इथेच गडबड होते. मीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, त्यामुळे गंजलेल्या सांध्यातूनही पूर्ण व्होल्टेज दिसतं. खरं कळतं ते भार टाकल्यावर. लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत १०० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर किरकोळीत मिळतो. तो काही सेकंद गाभा आणि जाळीत लावून पुन्हा मोजा. जास्त वेळ धरू नका, चटका बसतो. वाटेत ५० ओहमचा गंज असेल तर १८चे १२ होतील.

“अर्धे चॅनल दिसतात, अर्धे नाहीत” या तक्रारीचं मूळ अनेकदा इथेच असतं. व्होल्टेज घसरलं की एलएनबी १८ला १३ समजतो आणि ज्यांना १८ लागतात ते चॅनल गायब होतात. अशा वेळी काळी-हिरवी पडलेली जाळी चकचकीत धातू दिसेपर्यंत कापा, नवा कनेक्टर लावा, आणि तिथे वायरला खाली झुकतं वळण द्या म्हणजे पाणी बाहेरूनच ठिबकून जाईल. नुसती पीव्हीसी टेप गुंडाळू नका. ती पाणी अडवते कमी, कोंडते जास्त.

बूस्टर असेल तर पुरवठ्याच्या डब्यावर एसी लिहिलंय की डीसी, ते आधी वाचा. वाटेत स्प्लिटर असेल तर तो बहुधा एकाच तोंडातून वीज पुढे सोडतो, तेही तपासा.

मीटरवर सगळं ठीक असूनही चित्र फुटत असेल, तर छत्रीमागे उभं राहून वर बघा. दूरदर्शनच्या फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ मुंबईहून आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५७ अंशांवर आहे. त्या रेषेत समोरच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचा टॉवर आला असेल, तर वायर निर्दोष आहे. छत्रीच दुसऱ्या कोपऱ्यात हलवावी लागेल.