बऱ्हाणपूर ते आग्रा: चार आठवडे की ४८ मिनिटं?

नकाशावर पट्टी ठेवून बऱ्हाणपूर ते आग्रा सरळ रेघ ओढली, तर ती सुमारे ६८० किलोमीटर भरते. झुरिक ते बर्लिन हे हवाई अंतरही जवळपास एवढंच. तिथं लोक न्याहारी करून निघतात आणि बैठक आटोपून रात्री घरी जेवायला परत येतात.

आता हेच अंतर १६३१ सालात टाकून बघा. १७ जून रोजी मुमताज महल बऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात गेली. तापीपल्याड झैनाबादच्या बागेत तिला तात्पुरतं दफन केलं. डिसेंबरात शहाजादा शुजा तिची शवपेटी घेऊन निघाला, तो आग्र्याला पोचला जानेवारी १६३२ मध्ये. म्हणजे सुमारे चार आठवडे. वाट सरळ नव्हतीच. सातपुडा, नर्मदा, माळवा, चंबळ हे सगळं पार करायचं होतं. आजचा लोहमार्ग साडेआठशे किलोमीटरच्या घरात आहे. तोच हिशोब धरला, तर रोजची मजल ३० किलोमीटर पडते.

ताशी ८५० किलोमीटरनं उडणारं जेट तेवढी मजल दोन मिनिटं सात सेकंदांत मारतं! पहाटे तंबू उपटण्यापासून संध्याकाळी पुन्हा ठोकेपर्यंतचा अख्खा दिवस दोन मिनिटांत. सरळ रेघेतले ६८० किलोमीटर कापायला त्याला ४८ मिनिटं पुरतात, म्हणजे ६७२ तासांच्या जागी पाऊण तास. वेळ आठशे चाळीस पटींनी आटली. अर्थात हा कागदावरचा हिशोब. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण धरली की झुरिक-बर्लिनलाही सव्वा ते दीड तास लागतो.

आणि आपल्याला? बऱ्हाणपुरात प्रवासी विमानतळच नाही. समजा इंदूर-दिल्लीमार्गे निघालात. इंदूरपर्यंत मोटारीनं १८० किलोमीटर, मग ६६० किलोमीटरचं उड्डाण, आणि दिल्लीहून पुन्हा रस्त्यानं सव्वादोनशे. ६८० किलोमीटर गाठण्यासाठी हजारापेक्षा जास्त! वेळ मोजा: इंदूरपर्यंत चार तास, तपासणीसाठी दोन, विमानात दीड, सामान हाती येईतो अर्धा, पुढे आग्र्यापर्यंत चार. एकूण बारा.

पंजाब मेल मात्र बऱ्हाणपूरला थांबते आणि तेरा-चौदा तासांत थेट आग्रा कॅन्टोन्मेंटला उतरवते. आठशे चाळीस पट वेगाचा एवढा गाजावाजा झाला, आणि हाती उरले जेमतेम दोन तास. तेही इंदूरच्या रस्त्यात ट्रकांची रांग लागली नाही तर.

तेव्हा ताजमहाल बघायला निघणाऱ्या बऱ्हाणपूरकरांनी, आणि शेजारच्या रावेरकरांनीही, रेल्वेचंच आरक्षण करावं. फक्त वेळेत करावं.