राजमुकुट

वि. वा. शिरवाडकर (१९१२–९९) यांचे मराठी नाटक (१९५४). शेक्सपिअरच्या मॅक्‌बेथ (सु. १६०६) या राजकीय शोकात्मिकेवर ते आधारलेले आहे. नासिक ही शिरवाडकरांची कर्मभूमी. त्यांच्या नाट्यलेखनात शेक्सपिअरच्या शोकात्मिकांचा व्यासंग सातत्याने दिसतो. मॅक्‌बेथ त्यापूर्वीही मराठीत आले होते. काळ पत्राचे संपादक व नामांकित वक्ते शि. म. परांजपे यांचे मानाजीराव हे त्याचेच रूपांतर होय. मुंबई मराठी साहित्य संघाने सादर केलेल्या राजमुकुटमध्ये दुर्गा खोटे यांची भूमिका होती.

मूळ नाटकात स्कॉटलंडचा सेनानी मॅक्‌बेथ याला तीन चेटकिणी राजपदाचे भाकीत सांगतात. पत्नीच्या प्रेरणेने तो घरी पाहुणा आलेल्या डंकन राजाचा खून करून सिंहासन बळकावतो, ते राखण्यासाठी हत्यांमागून हत्या करतो आणि अखेरीस मॅक्‌डफच्या हातून मारला जातो.

मन वळविणाऱ्या वाणीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा हा या शोकात्मिकेचा गाभा आहे. चेटकिणी खुनाची आज्ञा करीत नाहीत. बँकोलाही त्या त्याच्या वंशजांच्या राज्याचे भाकीत सांगतात. तथापि तो शस्त्र उचलीत नाही. शब्द परिणामकारक ठरतात ते ऐकणाऱ्याच्या ठायी आधीच असलेल्या दोषामुळे. डंकन हा आप्त, राजा आणि अतिथी असल्याने अवध्य आहे, हे मॅक्‌बेथ स्वतःच जाणतो. त्याच्या पत्नीने यांपैकी एकाही मुद्द्याचे खंडन केलेले नाही. ती प्रश्नच बदलते : धर्माधर्माच्या जागी पौरुष व वचनपालन आणते आणि पहारेकऱ्यांवर आळ घालण्याची सोपी युक्ती सुचविते. अपयशाची भीती दूर होताच मॅक्‌बेथचा विरोध मावळतो. योग्य काय ते कळूनही महत्त्वाकांक्षेला शरण जाणे, हा त्याचा स्वभावदोष होय. स्वतःच्या मनोबलाचा चुकीचा अंदाज, हा तिचा दोष. रक्ताचे डाग सहज धुतले जातील असे मानणारी ती पुढे झोपेत चालताना तेच डाग चोळीत राहते.

या दोषांची किंमत अखेर राज्याला मोजावी लागते. हेरगिरी व संशय यांमुळे सरळ शब्दांवरचा विश्वास उडतो. म्हणूनच डंकनचा पुत्र मॅल्कम मॅक्‌डफची निष्ठा पारखण्यासाठी स्वतःवर खोटे दुर्गुण लादून घेतो. असा राजा जगण्यासही अपात्र आहे, असे मॅक्‌डफ त्याला तोंडावर सांगतो, तेव्हाच त्याची खात्री पटते.

शिरवाडकरांनी पुढे ऑथेल्लोचेही मराठी रूपांतर केले. त्यातील खलपुरुष युक्तिवाद जवळजवळ करीतच नाही. अर्धवट सूचना देऊन उरलेले काम नायकाच्या संशयावर सोपवितो. किंग लिअरशी नाते सांगणाऱ्या नटसम्राट (प्रथम प्रयोग १९७०) या नाटकात शोकात्मिका राजवाड्यातून मध्यमवर्गीय घरात येते. तेथे नायकाचा घात होतो तो आप्तांवरील आंधळ्या विश्वासामुळे. या क्रमात राजमुकुटला आरंभीचे स्थान आहे.