पाणी पेशीत आपोआप कसे शिरते?

पाठनिरीक्षणाच्या निमित्ताने शाळाशाळांतून हिंडताना परासरणाचा पाठ मी पुष्कळदा ऐकला आहे. फळ्यावर व्याख्या शुद्ध लिहिलेली असते, मुले ती खणखणीत म्हणूनही दाखवितात. परंतु "मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना पाणी का सुटते?" असे विचारताच उत्तर येते, "मीठ पाणी ओढते म्हणून." नोकरीच्या आरंभी मीही हेच सांगत असे. एकदा एका मुलीने विचारले, "गुरुजी, साखरांब्याच्या किसाला साखर लावली तरी पाणी सुटते, ते कसे?" त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही.

उत्तर असे की, ओढण्याचा हा गुण एकट्या मिठाचा नव्हे आणि एकट्या साखरेचाही नव्हे. पाण्याचे कण सदैव हालत असतात व पेशीच्या प्रद्रव्यपटलातून दोन्ही दिशांनी त्यांची ये-जा चालू असते. मीठ वा साखर यांचे कण त्यातून तितक्या सहजतेने पार होत नाहीत. ज्या बाजूस असे विरघळलेले कण अधिक, त्या बाजूस पाण्याचे प्रमाण कमी. म्हणून तिकडून परत येणारे पाणी थोडे व तिकडे जाणारे जास्त. या फरकालाच आपण परासरण म्हणतो. पेशीला त्यासाठी ऊर्जा खर्चावी लागत नाही. प्राणवायू पेशीत शिरतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तोही असाच, दाटीकडून विरळाकडे. त्यास विसरण म्हणावयाचे.

हे दाखविण्यासाठी प्रयोगशाळा नको. चाकणची बाजारपेठ कांद्या-बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि बटाटा नाही असे घर आपल्या भागात सापडणे कठीण. तीन बटाटे घ्यावे. त्यांतील एक उकडावा. तिन्हींचा तळ सपाट कापून खालच्या अर्ध्या भागाची साल काढावी व वरून चमच्याने वाटीसारखा खळगा कोरावा. उकडलेल्यात व एका कच्च्यात दोन-दोन चमचे साखर घालावी, दुसरा कच्चा रिकामाच ठेवावा. मग तिन्ही बटाटे परातीत थोड्या पाण्यात उभे करावे. सकाळी मांडलेला प्रयोग दुपारी पाहावा. साखर घातलेल्या कच्च्या बटाट्याची वाटी पाण्याने भरू लागलेली दिसेल. रिकामी वाटी तशीच राहील. उकडलेल्यातील साखर फार तर ओली होईल, पण वाटी तशी भरणार नाही.

येथे घाई करू नये. उकडलेला बटाटा का हरला, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. उष्णतेने त्याच्या पेशींची पटले फाटली. साखर अडविणारे आता काही उरले नाही. म्हणजे पाण्याच्या या प्रवासाला ऊर्जा लागत नसली, तरी पटल शाबूत असावे लागते.

याच तत्त्वाचे मोठे उदाहरण पिंपरीत आहे. तेथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व पुढील वर्षी पेनिसिलिन तयार होऊ लागले. जंतूच्या पेशीतील द्रव बाहेरच्यापेक्षा दाट असल्याने पाणी सतत आत शिरू पाहते. पटलाबाहेरची भित्तिका त्याला फुगू देत नाही. पेनिसिलिन वाढत्या जंतूची ही भित्तिका नीट बांधू देत नाही. भित्तिका कच्ची राहिली की पाणी आत घुसते व जंतू फुटतो. जंतूला फोडण्याचे काम शेवटी साधे पाणीच करते, हे ऐकून मुलांचे डोळे विस्फारतात! आपल्या पेशींना अशी भित्तिकाच नाही, म्हणून हे औषध त्यांच्या वाटेस जात नाही. त्या फुटत नाहीत, कारण सभोवतीचा द्रव शरीर समतोल ठेवते. शिरेतून द्यावयाच्या सलाईनमध्येही म्हणूनच लिटरला ९ ग्रॅम मीठ असते. नुसते पाणी शिरेत गेले तर तांबड्या पेशी फुटतील.

पावसाळ्यात ढाळ-उलट्या सुरू झाल्या की या पाठाचे मोल कळते. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य रुग्ण वाचविले. आतड्याच्या पेशी मीठ व साखर जोडीने आत घेतात. या कामी ऊर्जा खर्च होते, पाणी मात्र त्यांच्यामागून आपोआप जाते. परंतु जलसंजीवनीची एक लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालविली, तर आतड्यातील द्रव रक्तापेक्षा दाट होतो आणि पाणी उलट शरीरातून आतड्यात येते. बालक अधिकच सुकते. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. मीठ अधिक नको.

घराघरांतील तांबे लहानमोठे असतात. तेव्हा बटाट्याच्या प्रयोगानंतर मुलांना आपापल्या घरचा तांब्या आणावयास सांगावे, वर्गात लिटरच्या मापाने त्यात पाणी ओतावे, आणि एक लिटर कोठवर येते तेथे खूण करून तो परत पाठवावा.