पडद्यावरील वर्गाचा परिपाठ

शाळेची घंटा, हजेरीपट, फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला वार व दिनांक, तास संपताना दाराशी येऊन थांबलेले पुढील तासाचे शिक्षक, या गोष्टींकडे शिक्षणाची साधने म्हणून सहसा कोणी पाहत नाही. पाठ्यपुस्तक, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय ही साधने होत; घंटा हा केवळ व्यवस्थेचा भाग होय, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि अध्यापन मोबाईलच्या पडद्यावर गेले, तेव्हा या समजुतीस मोठाच धक्का बसला. पुस्तके होती, शिक्षक होते, विद्यार्थीही होते. तथापि अभ्यासाला दिवसाचा जो एक क्रम असतो तो नाहीसा झाला होता, आणि त्याबरोबर अभ्यासही विस्कळीत झाला.

याचे कारण असे की, वर्गातील कितीतरी गोष्टी न सांगताच विद्यार्थ्यास कळत असतात. गृहपाठ कोणत्या वहीत लिहावयाचा, किती लिहावयाचा, उशीर झाल्यास काय होते, शंका केव्हा विचारलेली चालते, हे तो शेजारी बसलेल्या मुलाकडून शिकतो. शिक्षकांच्या चेहऱ्यावरूनही बरेच उमगते. ऑनलाईन अभ्यासक्रमाचा विद्यार्थी मात्र एकटा असतो. त्याच्या बाकावर दुसरा कोणी बसलेला नसतो. म्हणून वर्गात जे गृहीत धरलेले असते ते ऑनलाईन अभ्यासक्रमात स्पष्ट शब्दांत लिहून द्यावे लागते, आणि लिहून दिलेले नियमाने पाळावे लागते. ऑनलाईन अध्यापनाच्या यशापयशाचा बराच मोठा भाग या दोन गोष्टींवर अवलंबून आहे.

पत्रद्वारा शिक्षणापासून ‘स्वयम्’पर्यंत

शिक्षक व विद्यार्थी एकमेकांपासून दूर असणे ही आपल्याकडे नवी बाब नव्हे. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. मुंबई विद्यापीठात १९७१ पासून ही सोय आहे. नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद स्वीकारून खेड्यापाड्यांतील नोकरदार, शेतकरी आणि गृहिणी यांना पदवीची वाट मोकळी करून दिली. स्वयंअध्ययनाची पुस्तके, अभ्यासकेंद्रे, संपर्कसत्रे आणि समंत्रक हे शब्द या विद्यापीठामुळे महाराष्ट्रात रुळले. पाठाच्या आरंभी उद्दिष्टे सांगावीत, मध्येमध्ये स्वयंअध्ययनाचे प्रश्न द्यावेत, ही दूरशिक्षणाच्या पुस्तकांची रीत म्हणजे शिक्षक समोर नसताना त्याचे काम कागदाकडून करून घेण्याचाच प्रयत्न होता.

९ जुलै २०१७ रोजी केंद्र शासनाने ‘स्वयम्’ हे ऑनलाईन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ सुरू केले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’मधून पूर्ण करण्यास मुभा दिली होती, २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आली. याचाच अर्थ असा की ऑनलाईन अभ्यासक्रम ही आता साथीच्या काळातील तात्पुरती सोय राहिलेली नाही. विद्यार्थ्याचे श्रेयांक आणि पर्यायाने त्याची पदवी तीवर अवलंबून आहे.

गळतीचा प्रश्न

या मार्गावरील सर्वांत मोठी अडचण गळतीची आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठ व मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी यांच्या खुल्या ऑनलाईन अभ्यासक्रमांचा २०१२ ते २०१८ या काळातील आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. नाव नोंदविणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी अभ्यासक्रम एकदाही उघडला नव्हता. २०१७-१८ मध्ये अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण अवघे ३ टक्क्यांच्या आसपास होते. ज्यांनी शुल्क भरून प्रमाणपत्रासाठी नोंदणी केली होती त्यांच्यात हे प्रमाण ४६ टक्के आढळले. फुकट नोंदणी करणाऱ्यांत केवळ कुतूहलाने डोकावणारे पुष्कळ असतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु शुल्क भरणारांपैकीही निम्म्याहून अधिक वाटेतच थांबले, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. वर्ग सोडून जाणारा मुलगा शिक्षकांना दिसतो, त्याच्या घरी निरोप धाडता येतो. पडद्यावरील वर्गातून जाणारा विद्यार्थी आवाज न करता जातो. घरातील पहिलाच पदवीचा विद्यार्थी असेल तर हे शिक्षण आपल्या आवाक्यातले नाही असा समज करून घेऊन तो जातो. वास्तविक पुष्कळदा त्याला काय करावयाचे आहे हेच नीट सांगितलेले नसते.

दूरशिक्षणाचे अमेरिकन अभ्यासक मायकेल मूर यांनी या संदर्भात एक उपयुक्त विचार मांडला आहे. शिक्षक व विद्यार्थी यांमधील खरे अंतर मैलांत मोजावयाचे नसून समजुतीत मोजावयाचे असते, आणि ते संवाद व अभ्यासक्रमाची रचना यांवर ठरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. नाशिकचा शिक्षक आणि धडगावचा विद्यार्थी यांच्यातील मैल कमी करता येणार नाहीत. दुसरे अंतर कमी करता येते.

सूचना कशी असावी

“पाठाचे काळजीपूर्वक अध्ययन करून टिपणे काढावीत व स्वाध्याय वेळेत सादर करावा.” अशा धर्तीची सूचना अनेक अभ्यासक्रमांच्या आरंभी आढळते. ती चुकीची नाही, पण तिचा उपयोगही नाही. ‘काळजीपूर्वक’ म्हणजे किती, ‘वेळेत’ म्हणजे केव्हा, हे तीतून कळत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल: “या आठवड्यात पाठ ३ व ४ पाहावेत; त्यास सुमारे दीड तास लागेल. त्यानंतर दिलेल्या प्रश्नाचे उत्तर २०० शब्दांत, आपल्या गावातील एका उदाहरणासह लिहावे. उत्तर हाताने लिहून त्याचे छायाचित्र पाठविले तरी चालेल. मुदत रविवारी रात्री ९ वाजेपर्यंत. एकूण गुण १०, पैकी ४ गुण उदाहरणास.” ही सूचना लांब आहे खरी, पण ती वाचल्यावर विद्यार्थ्यास दूरध्वनी करून विचारण्यासारखे फारसे काही उरत नाही. गुण कशास मिळणार हे अगोदर सांगितले तर विद्यार्थी केवळ गुणांसाठी लिहील, असा आक्षेप काही अध्यापक घेतात. तो फारसा टिकणारा नाही. परीक्षकाच्या मनातील मोजमाप शहरातील शिकवणीवर्गांना ठाऊक असतेच. ते ठाऊक नसते एकट्याने अभ्यास करणाऱ्याला.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी संभाषणसाधने २०२२ च्या अखेरीपासून सर्वांच्या हाती आल्यामुळे आणखी एक खुलासा आवश्यक झाला आहे. अशा साधनाकडून उत्तर लिहून घेणे चालणार नाही, संकल्पना समजून घेण्यास ते वापरले तर चालेल, की मुळीच वापरू नये, हे प्रत्येक स्वाध्यायाबरोबर स्पष्ट केले पाहिजे. नियम न सांगता नियमभंगाबद्दल शिक्षा करणे न्यायाचे होणार नाही.

आठवड्याचा क्रम

प्राथमिक शाळेत परिपाठ रोज ठराविक वेळी व ठराविक क्रमाने होतो, म्हणून लहान मुलालाही त्याचे ओझे वाटत नाही. प्रौढ विद्यार्थ्यांच्या ऑनलाईन अभ्यासक्रमासही हेच तत्त्व लागू पडते. समजा, अर्थशास्त्राचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे. दर सोमवारी सकाळी त्या आठवड्याचे टाचण विद्यार्थ्यांच्या हाती पडावे. पाठांच्या चित्रफिती लहान असाव्यात. चार ऑनलाईन अभ्यासक्रमांतील सुमारे ६९ लाख दर्शनांचा जो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला त्यात असे आढळले की, चित्रफीत कितीही लांब असली तरी ती सलग पाहण्याचा मध्यम कालावधी ६ मिनिटांपलीकडे जात नाही. तासाभराचे व्याख्यान जसेच्या तसे चित्रित करून चढविणे हे म्हणूनच श्रमाचे असूनही निष्फळ ठरते. गुरुवारी शंकासमाधानाचे प्रत्यक्ष सत्र, रविवारी स्वाध्यायाची मुदत, आणि पुढील बुधवारी तपासलेले उत्तर परत. हे वार एकदा ठरले की बारा आठवडे बदलू नयेत. सत्राची वेळ दर आठवड्यास बदलणारा शिक्षक कितीही विद्वान असला तरी त्याचा वर्ग रिकामा होत जातो.

वेळ ठरविताना मात्र विद्यार्थी कोण आहेत हे पाहिले पाहिजे. रात्री आठची वेळ नोकरदार पुरुषांस सोयीची वाटते; गृहिणी त्या वेळी स्वयंपाकात गुंतलेली असते. दुपारी तीनची वेळ तिला जमेल, पण कारखान्यातील कामगारास जमणार नाही. नोंदणीच्या वेळीच दोन-तीन पर्याय देऊन पसंती विचारणे, आणि प्रत्येक सत्राचे ध्वनिमुद्रण उपलब्ध ठेवणे, एवढे केले तरी पुष्कळांची सोय होते.

सवलतही नियमातच

शिस्त आणि सहानुभूती यांत विरोध आहे असे समजण्याचे कारण नाही. ‘स्वयम्’वरील एन.पी.टी.ई.एल. अभ्यासक्रमांची पद्धती या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. आय.आय.टी. व भारतीय विज्ञान संस्था यांच्या या उपक्रमात बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमास दर आठवड्याला एक स्वाध्याय असतो व त्याची मुदत कसोशीने पाळली जाते. तथापि गुण देताना बारांपैकी सर्वोत्तम आठ स्वाध्याय धरले जातात. स्वाध्यायांस २५ व परीक्षेस ७५ गुण. पैकी स्वाध्यायांत किमान १० व परीक्षेत किमान ३० गुण मिळविल्याखेरीज प्रमाणपत्र नाही. घरातील आजारपण, सुगीचे दिवस, वादळाने तुटलेली तार, अशी चार संकटे येऊन गेली तरी विद्यार्थ्याचे नुकसान होत नाही, आणि त्याला कोणापुढे हात जोडून मुदतवाढ मागावी लागत नाही. मुदतवाढीचा निर्णय शिक्षकाच्या मर्जीवर ठेवला तर ती बहुधा धिटाईने मागणाऱ्यालाच मिळते. संकोची विद्यार्थी मागतच नाही.

ज्या घरात एकच मोबाईल आहे आणि तो दिवसभर वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर असतो, त्या घरातील विद्यार्थ्याकडून सकाळी अकरा वाजता कॅमेरा चालू ठेवण्याची अपेक्षा करणे अनाठायी होय. हजेरी पडद्यावरील चेहऱ्यावरून न मोजता आठवड्याच्या कामावरून मोजली तर ती अधिक खरी ठरते. सातपुड्यातील वा गडचिरोलीतील दुर्गम गावांसाठी पाठ उतरवून घेता येतील असे ठेवणे, मजकुराची छापील प्रत अभ्यासकेंद्रावर उपलब्ध करणे, हेही अपेक्षा स्पष्ट करण्याइतकेच अगत्याचे आहे. लहान मुलांचा प्रश्न वेगळा. केंद्र शासनाने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रे आणि नववी ते बारावीसाठी अशी चार सत्रे सुचविली होती. पडद्यासमोर अधिक वेळ म्हणजे अधिक शिक्षण नव्हे, हे त्या सूचनांनी शासनस्तरावर मान्य झाले.

शिक्षकावरील बंधन

सूचनापत्रकात विद्यार्थ्यांची कर्तव्ये सविस्तर असतात. शिक्षकांची बहुधा नसतात. वास्तविक शंकेस किती तासांत उत्तर मिळेल, स्वाध्याय किती दिवसांत तपासून मिळेल, सुटीच्या दिवशी उत्तर अपेक्षावे की नाही, हेही तेथेच नमूद व्हावयास हवे. ‘दोन दिवसांत उत्तर मिळेल’ असे लिहून ते पाळणे हे ‘केव्हाही विचारा’ असे सांगून आठवडाभर गप्प राहण्यापेक्षा पुष्कळच बरे. याचा लाभ शिक्षकासही होतो. मध्यरात्री येणाऱ्या संदेशांपासून त्याची सुटका होते. दोन आठवडे ज्याच्याकडून काहीच आले नाही अशा विद्यार्थ्यास शिक्षकाने आपण होऊन दूरध्वनी करावा, ही गोष्ट कोणत्याही संगणकप्रणालीवर सोपविता येण्यासारखी नाही. तिसऱ्या आठवड्यापर्यंत हा दूरध्वनी झाला तर विद्यार्थी परत येण्याचा संभव असतो. सहाव्या आठवड्यात मागील कामाचा डोंगर पाहूनच तो माघार घेतो.

अशा कामास वेळ लागतो, आणि एका शिक्षकाकडे शेकड्यांनी विद्यार्थी सोपविले तर तो मिळणार नाही. महाविद्यालयांनी ऑनलाईन अध्यापनाचा कार्यभार ठरविताना केवळ प्रक्षेपणाचे तास न मोजता तपासणीचे व संपर्काचे तासही धरावेत. सत्राच्या अखेरीस विद्यार्थ्यांनी वारंवार विचारलेले प्रश्न एकत्र करून सूचनापत्रकाची पुढील आवृत्ती त्यांवरून दुरुस्त करावी. जो प्रश्न वीसजणांनी विचारला त्याचे उत्तर मूळ पत्रकात नव्हते किंवा ते सापडण्याजोग्या जागी नव्हते, असे धरून चालण्यास हरकत नाही.