ताकदीच्या आधी ताबा

सकाळी ७.००
डेट्रॉइटच्या उपनगरातलं आमचं वर्कशॉप. लिफ्टवर १९६६ ची फोर्ड मस्टँग आहे. तिचा चासी नंबर ६एफ०७सी असा सुरू होतो. ६ म्हणजे १९६६, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०७ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप आणि सी म्हणजे २८९ घनइंचांचं, २०० अश्वशक्तीचं व्ही-८ इंजिन. मालक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांची तक्रार अशी, की हायवेवर गाडी सरळ चालत नाही, स्टिअरिंग सारखं सावरावं लागतं आणि जोरात वळलं की पुढचा भाग बाहेर ओढला जातो. तरीही त्यांना आधी इंजिन वाढवायचं होतं. आम्ही म्हणालो, "आहे ती ताकद तरी आधी नीट वापरू या." ते पटल्यावर काम ठरलं.

७.३०
पाना हातात घेण्याआधी टॉर्च. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून आधी गंज शोधायचा. फ्लोअर, पुढच्या फ्रेमचे दांडे, मागच्या पाट्यांचे माउंट सगळं ठोकून बघितलं. ज्या उभ्या खोक्यांत पुढच्या स्प्रिंगा बसतात, त्या दोन शॉक टॉवरना तडे नाहीत ना, हेही बघितलं. दोन टॉवरमधलं अंतर मोजलं, कारण वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी ते आतल्या बाजूला झुकतात. चारही चाकांपासून मडगार्डपर्यंतची उंची, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), कॅस्टर (चाक वळतं त्या अक्षाचा पुढे-मागे कल), टो (चाकांची तोंडं आत की बाहेर) असे सगळे आकडे वहीत उतरवले. हे आकडे नसतील तर संध्याकाळी सुधारणा झाली की नुसता भास झाला, हे कळायला मार्ग राहत नाही.

८.३०
दिवसातलं सगळ्यात धोक्याचं काम: पुढच्या स्प्रिंगा काढणं. या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर नसते, वरच्या आर्मवर बसते. शॉकअप आणि त्याची वरची टोपी काढून स्प्रिंग दाबणारा कॉम्प्रेसर टॉवरमधूनच आत घालावा लागतो. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हाडं मोडते. इथे घाई नाही, गप्पा नाहीत. दोन्ही स्प्रिंगा सुखरूप बाहेर आल्या.

९.३०
आता वरच्या आर्मसाठी नवी भोकं पाडायची. का, ते सांगतो. मस्टँग १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात लोकांसमोर आली. तिची खालची बांधणी फाल्कन या साध्या, स्वस्त कुटुंबगाडीवरून घेतलेली होती. त्या बांधणीत वळणावर बॉडी झुकली की बाहेरचं चाकही तिच्याबरोबर बाहेर कलतं आणि टायर कडेवर घासत जातो. फोर्डचे इंजिनिअर क्लाउस आर्निंग यांनी यावर उपाय काढला आणि कॅरोल शेल्बी यांच्या १९६५ च्या जीटी ३५० गाड्यांवर तो वापरला गेला. वरच्या आर्मची भोकं १ इंच खाली आणि १/८ इंच मागे घ्यायची. एवढ्याने स्प्रिंग दबताना चाक वरच्या बाजूने आत कलू लागतं, बॉडीचा कल भरून काढतं आणि टायरचा पूर्ण पट्टा रस्त्यावर राहतो. खर्च टेम्प्लेट आणि ड्रिलचा. नव्या स्प्रिंगांपेक्षा या दोन-दोन भोकांनी गाडी जास्त सुधारते, असं माझं ठाम मत आहे.

११.००
नवे आर्म, नवे बॉल जॉइंट. स्प्रिंगखालच्या पाळण्याचा जुना रबरी बुश पिळला जातो आणि आर्मची हालचाल अडवतो, म्हणून बेअरिंगवर फिरणारा पाळणा घेतला. मालकांनी सगळीकडे कडक पॉलियुरेथेन बुश मागितले होते. खालच्या आर्मपासून पुढे जाणाऱ्या स्ट्रट रॉडला मात्र आम्ही ते लावत नाही. हा रॉड चाकाबरोबर वरखाली झुलला पाहिजे. कडक बुशात तो अडतो, वाकतो आणि एखाद्या दिवशी तुटतो. तिथे चांगलं रबरच.

१२.३०
डबा. मालक येऊन जुने बॉल जॉइंट हातात घेऊन बघतात, ढिलाई स्वतः हलवून बघतात.

१.००
स्टिअरिंग बॉक्स. जुन्या बॉक्सचा वरचा स्क्रू कुणीतरी आवळत आवळत शेवटाला नेला होता. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे आतले दाते मधल्या जागी जास्त झिजतात. मधली ढिलाई घालवायला स्क्रू पिळला की दोन्ही बाजूंना वळताना स्टिअरिंग अडकू लागतं. हा आजार स्क्रूने बरा होत नाही. मूळ बॉक्स १९:१ चा होता, आम्ही १६:१ चा नवा बसवतो. शाफ्ट १६ अंश फिरला की बॉक्सखालचा आर्म १ अंश वळेल. प्रतिसाद लवकर मिळेल, पण पार्किंगमध्ये जोर जास्त लागेल. हे मालकांना आधीच सांगितलं आहे.

या सालच्या गाडीत बॉक्सपासून स्टिअरिंग व्हीलपर्यंत एकच सलग लोखंडी शाफ्ट आहे. समोरून धडक बसली तर तो चालकाच्या छातीकडे येऊ शकतो. ते मूळ रूप ठेवायचं मालकांनी ठरवलंय, म्हणून खांद्यावरून येणारे सीटबेल्ट बसवण्याचा आग्रह आम्ही धरला आणि त्यांनी तो मानला.

२.३०
टाय रॉड जोडले, पण स्प्रिंगा अजून बाहेरच. जॅकने चाक वरखाली करून टो किती बदलतो ते डायल गेजवर वाचायचं. खड्ड्यात चाक उचललं गेलं की ते आपोआप वळत असेल तर गाडी भरकटणारच. टाय रॉडच्या बाहेरच्या टोकाला स्पेसर घालून ही चूक कमी केली. बरेच जण ही पायरी गाळतात आणि नंतर टायरला दोष देतात.

३.३०
स्प्रिंगा, शॉकअप, १ इंच जाडीचा अँटी-रोल बार. टॉवरपासून फायरवॉलपर्यंत जुन्या दोन पातळ पट्ट्यांऐवजी एकसंध एक्सपोर्ट ब्रेस. मागे नवे पाटे. मग गाडी चाकांवर उतरवली, दाबून हलवली आणि तेव्हाच रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे टॉर्क रेंचने आवळले. चाकं लटकत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं.

४.३०
अलाइनमेंट. १९६६ पर्यंतच्या मस्टँगमध्ये वरच्या आर्ममागे शिम घालून कोन जुळवतात. कारखान्याचे मूळ आकडे बायस-प्लाय टायरसाठी होते. आता रेडियल आहेत. म्हणून कॅम्बर उणे अर्धा अंश, कॅस्टर अधिक अडीच अंश आणि टो-इन १/८ इंच. कॅस्टर वाढला की वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ येतं.

५.१५
चाचणी. आधी गल्लीत हळू, ब्रेक, आवाज. मग हायवे. मालक चालवतात, मी शेजारी. स्टिअरिंग सैल धरलं तरी गाडी लेन सोडत नाही. उताराच्या गोल वळणावर पुढचा भाग सांगितल्या रेषेवर राहतो. मालक म्हणाले, "इंजिन आहे तेवढं पुरे."

६.००
परत लिफ्टवर. प्रत्येक नट पुन्हा तपासला, कॉटर पिना मोजल्या, वहीत सकाळच्या आकड्यांशेजारी संध्याकाळचे लिहिले. काही आठवड्यांनी स्प्रिंगा बसतील, तेव्हा अलाइनमेंट पुन्हा करायचं, हे मालकांना लिहून दिलं.

जुनी गाडी कोणत्याही देशातली असो, पैसे याच क्रमाने घाला: आधी गंज आणि तडे, मग स्टिअरिंगची ढिलाई, मग सस्पेन्शनची भूमिती, मग ब्रेक. इंजिनची पाळी सगळ्यात शेवटी.