मेंदूच्या तराजूचे बदलते माप

भाजीबाजारात दोन रुपयांसाठी घासाघीस करणारा ग्राहक घरखरेदीत हजाराकडे काणाडोळा करतो. या विसंगतीचे मूळ चेतापेशींत असू शकते. पेशीच्या स्पंदनवेगाला मर्यादा असते. मूल्यांचा पल्ला मात्र कितीही बदलतो. कॅमिलो पाडोआ-स्कियोप्पा यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात माकडांसमोर दोन रसांचे कमी-अधिक प्रमाणातील पर्याय ठेवून, डोळ्यांच्या खोबणीवरील मेंदूभागातील पेशींची स्पंदने मोजण्यात आली. देऊ केलेल्या मूल्यांचा पल्ला रुंदावला, की प्रत्येक वाढीव थेंबाला मिळणारा प्रतिसाद त्या प्रमाणात घटे. स्पंदनांचा एकूण पल्ला साधारण तोच राही. मग प्रत्येक रसाचे माप निराळे झाल्यावर माकडाची निवडही ढळायला हवी! प्रत्यक्षात ती ढळली नाही. आल्दो रुस्टिकिनी व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडल्यानुसार, निर्णय घेणारे पुढील चेताजाल हा फरक भरून काढते.