टायरमधलं पाणी गोठतं तेव्हा

साधन निवडताना आपण विचार कसा करतो, हा या व्याख्यानांचा धागा आहे. आज त्यासाठी आपण जरा रांगडं उदाहरण घेऊ. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातला एखादा शेतकरी विचारतो, "ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांत वजनासाठी कोणता द्रव भरलेला सर्वांत चांगला?" तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा प्रश्न येत नाही. पण त्यातला 'सर्वांत चांगला' हा शब्द आमच्या विषयाचा आहे, आणि तो किती गोंधळ घालतो ते इथे स्वच्छ दिसतं.

आधी मुळाशी जाऊ. टायरात द्रव भरायचाच कशाला? ट्रॅक्टर इंजिनाच्या जोरावर ओढतो, हे अर्धंच खरं. जोर चाकापर्यंत पोचला, पण चाकाने जमीन धरली नाही, तर चाक जागच्या जागी फिरत राहतं. पूर्वी ट्रॅक्टरला पोलादी चाकं असत, त्यांचे दाते मातीत रुतून पकड घेत. १९३२ मध्ये अमेरिकेत ॲलिस-चाल्मर्स कंपनीने फायरस्टोनचे हवेचे रबरी टायर बसवलेला ट्रॅक्टर विकायला काढला आणि काही वर्षांत बहुतेक नवे ट्रॅक्टर रबरावर आले. रबर रस्त्यावर छान धावतं, पण शेतात त्याची पकड बरीचशी वजनावर अवलंबून असते. हे वजन लोखंडाचं असू शकतं, किंवा टायरच्या पोकळीत ओतलेल्या द्रवाचं. आपल्याकडे नांगरटीसाठी मागच्या टायरांत पाणी भरतात ते यासाठीच. पाणी फुकट मिळतं, आणि आपल्याकडच्या थंडीत ते गोठत नाही. प्रश्न तिथेच संपतो.

मॅनिटोबात तो तिथे सुरू होतो. विनिपेगच्या आसपास हिवाळ्यात पारा उणे ३० अंश सेल्सियसपर्यंत उतरतो. आणि ट्रॅक्टरला हिवाळ्यात सुट्टी नसते. पुढे लोडर लावून तो बर्फ उपसतो, गुरांसाठी गवताचे जड गठ्ठे उचलतो. पुढची बादली भरून उचलली की मागची चाकं हलकी होतात, प्रसंगी जमीन सोडतात, आणि उतारावर ट्रॅक्टर कलंडतो. तेव्हा मागचं वजन ही चैन नाही. चालकाचा जीव त्यावर अवलंबून असतो.

द्रव भरायची रीत सोपी आहे. चाक फिरवून व्हॉल्व्ह सर्वांत वर आणायचा आणि द्रव व्हॉल्व्हच्या पातळीला येईपर्यंत भरायचा. साधारण पाऊण टायर भरतो. वरची हवा मुद्दाम ठेवायची, कारण धक्के तीच झेलते. आता आत साधं पाणी आहे असं समजा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, पण वर हवा असल्यामुळे टायर फुटतोच असं नाही. पंचाईत वेगळीच होते. टायरच्या तळाशी बर्फाची लादी बसते. चाक फिरलं की दर फेरीला हादरा. रबर वाकायचं तिथे वाकत नाही, ट्यूब असेल तर ती बर्फावर घासून फाटते. म्हणजे ज्या दिवसासाठी वजन भरलं, नेमका त्याच दिवशी ट्रॅक्टर उभा.

मग पर्याय कोणते? एका टायरात ४०० लिटर द्रव मावतो असं धरू, म्हणजे तुलना सोपी होईल. पाण्याचं वजन होईल ४०० किलो.

पहिला पर्याय जुना आणि स्वस्त: कॅल्शियम क्लोराईड, म्हणजे एक प्रकारचं मीठ. त्याचं ३० टक्क्यांचं द्रावण त्याच ४०० लिटरांत सुमारे ५१० किलो भरतं आणि उणे ५० अंशांच्या आसपास गोठतं. वजन आणि थंडी, दोन्ही परीक्षांत पहिला नंबर. पण ते पोलाद खातं. म्हणून ते ट्यूबमध्येच भरायचं. ट्यूब किंवा व्हॉल्व्ह हळूच पाझरू लागला की रिम आतून गंजते, आणि ते बाहेरून उशिरा कळतं. शेतात सांडलं तर तेवढ्या जागेतलं पीक जळतं. द्रावण करताना नेहमी पाण्यात मीठ टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, कारण विरघळताना ते चांगलंच तापतं.

दुसरा पर्याय मिथेनॉल. गाडीची काच धुण्याचा जो हिवाळी द्रव तिकडे पंपावर मिळतो, त्यात बहुधा तेच असतं. ते गंजवत नाही, पटकन मिळतं. पण मिथेनॉल पाण्यापेक्षा हलकं. ४० टक्क्यांच्या मिश्रणाचं वजन भरेल ३७५ किलोच्या आसपास. ते पेट घेतं आणि विषारी आहे. २०१५ साली मुंबईत मालवणीच्या विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, त्या दारूतलं विष मिथेनॉलच होतं.

तिसरा पर्याय ग्लायकॉल, म्हणजे गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते. त्याचे दोन प्रकार. इथिलीन ग्लायकॉल निम्मं पाण्यात मिसळलं तर उणे ३५ अंशांच्याही खाली टिकतं, वजन सुमारे ४३० किलो. पण ते चवीला गोड आहे. गोठ्याजवळ सांडलेलं कुत्र्याने चाटलं तर मूत्रपिंडं निकामी होऊन ते मरतं, आणि त्याला फार थोडं पुरतं. प्रॉपिलीन ग्लायकॉल त्या मानाने पुष्कळ निरुपद्रवी, पण महाग. वजनही थोडं कमी, सुमारे ४१५ किलो.

चौथा पर्याय बीटाचा. रेड नदीचं खोरं अमेरिकेतून वर विनिपेगपर्यंत येतं, आणि खोऱ्याच्या अमेरिकेतल्या भागात साखरबीट मोठ्या प्रमाणावर पिकतं. बीटातून साखर काढून घेतल्यावर जो दाट द्रव उरतो, आपल्या उसाच्या मळीचा चुलतभाऊच म्हणा, त्यापासून टायरात भरायचा द्रव बनवतात. वजन मिठाच्या द्रावणाइतकं, ५१० किलोंच्या घरात. उणे ३५ अंशांपर्यंत तो टिकतो, गंजवत नाही, विषारी नाही. दोष दोन: किंमत बरीच जास्त, आणि द्रव चिकट, त्यामुळे तो बहुधा विक्रेत्याकडूनच पंपाने भरून घ्यावा लागतो.

इथे एका सापळ्याकडे लक्ष वेधतो. गोठू नये म्हणून मीठ घालतो, तर जास्त मीठ म्हणजे जास्त संरक्षण, असं वाटतं ना? तसं नाही. ३० टक्क्यांपुढे मीठ वाढवलं की द्रावणाचा गोठणबिंदू पुन्हा वर चढू लागतो. ग्लायकॉलचंही तेच. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांनाच गोठतं, पाणी मिसळलेलं कितीतरी खाली टिकतं. 'थोडं चांगलं, म्हणून पुष्कळ आणखी चांगलं' हा तर्क दिसायला सरळ, पण त्याला आधार नाही. मिश्रणाचं प्रमाण मोजूनच घ्यावं लागतं.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या चौघांत सर्वांत चांगला कोण? वजन बघाल तर मीठ आणि बीट. खर्च बघाल तर मीठ. पटकन मिळणं बघाल तर मिथेनॉल. जनावरांची सुरक्षितता बघाल तर बीट किंवा प्रॉपिलीन. म्हणजे 'चांगला' हा शब्द एकटा उभा राहत नाही. कशासाठी चांगला, कुणासाठी चांगला, हे जोडल्याशिवाय त्याला अर्थच येत नाही.

ॲरिस्टॉटलचं म्हणणं असं की माणूस खल करतो तो साधनांचा, साध्याचा नव्हे. रोग्याला बरं करायचं हे वैद्याने धरलेलंच असतं, औषध कोणतं एवढाच त्याचा प्रश्न. पण आपल्या शेतकऱ्याचं साध्य खरंच ठरलेलं आहे का? 'वजन हवं' हे साध्य नाही. त्याला नांगर ओढताना पकड हवी आहे, की लोडर उचलताना मागून तोल हवा आहे, की उतारावर बाजूला कलंडण्यापासून बचाव हवा आहे? टायरातला द्रव खाली राहतो, म्हणून उतारावर तो उपयोगी. पण त्याचं वजन मागच्या ॲक्सलवरच असतं, त्यामुळे बादलीने पुढच्या ॲक्सलवर पडणारा भार त्याने कमी होत नाही. त्यासाठी वजन ॲक्सलच्याही मागे, अवजारं जोडतात तिथे टांगावं लागतं. शिवाय काही उत्पादक रेडियल टायरात द्रव कमी भरायला किंवा भरूच नका असं सांगतात, तिथे लोखंडी वजनंच बरी. साधनाबद्दल नीट विचारलं की साध्य काय ते सांगावंच लागतं, हा या प्रश्नाचा खरा फायदा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आम्हाला वाटते. फायदा मालकाचा, पण तोटा कुणाच्या वाट्याला? गोड ग्लायकॉल चाटणारं कुत्रं शेजाऱ्याचंही असू शकतं. गंजलेली रिम बहुधा पुढच्या खरेदीदाराच्या गळ्यात पडते. टायर चढवलेल्या रिमवर वेल्डिंग करणं एरवीही जिवावरचं, त्यात आत मिथेनॉल असेल आणि कारागिराला ते ठाऊक नसेल तर विचारायलाच नको. निवड करताना ही मंडळी समोर नसतात. म्हणून आत काय भरलं आहे ते रंगाने रिमवर ठळक लिहावं. खर्च काही नाही, आणि न भेटलेल्या माणसाशी आपण प्रामाणिक राहतो.

तर सांगायचं झालं तर असं. वजन कुठे हवं ते आधी ठरवा, मग आपल्या भागातली सर्वांत वाईट थंडी पाहा, मग टायर आणि रिम. रिम चांगली, गोठा जवळ आणि पैसे असतील तर बीट. बीट मिळत नसेल आणि थोडं कमी वजन चालत असेल तर प्रॉपिलीन. जुना ट्रॅक्टर, चांगली ट्यूब आणि वरचेवर व्हॉल्व्ह तपासायची सवय असेल तर मीठही चालेल. मिथेनॉल लहान ट्रॅक्टरला, आगीपासून दूर. इथिलीन ग्लायकॉल मात्र जनावरांच्या आसपास नको. तिथे ते स्वस्त पडतं असं म्हणायचं असेल, तर कुणाला स्वस्त पडतं हेही सांगायला हवं.